पांडेजींचा खाली सरकणारा चहा

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी मला विषय दिला, निरोगी दीर्घायुष्याचं रहस्य. सत्तरी ओलांडलेला माणूस रोज सूर्यनमस्कार घालतो म्हटलं की लोकांना वाटतं, याच्याकडे काहीतरी रहस्य असणार आणि याचं मनही शांत असणार. रहस्य माझ्याकडे नाही. मनाचं म्हणाल तर हा लेख मी एका माणसाच्या हेव्यापोटी लिहायला बसलोय, हे आधीच सांगून टाकतो. त्या माणसाचं नाव पांडेजी. रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त आहेत. पोट असं की सदऱ्याची बटणं कायम ताणलेली. सकाळचा व्यायाम आटोपला की कचौडी-जिलबी खातात, आणि तोंडात पान नसेल तर त्यांना नीट हसताही येत नाही. असा माणूस आमच्या घाटावर लोकांना आरोग्य शिकवतो, आणि लोक शिकतात.

आता माझ्याबद्दल. आमचं घराणं कित्येक पिढ्या काशीत, मंगला गौरीजवळच्या गल्लीत राहिलेलं, याज्ञिकी करणारं. मीही पोथी धरावी असं वडिलांना वाटे. मी धरली जोडी, म्हणजे इथल्या आखाड्यांत खांद्यावरून फिरवतात ते दोन जडशीळ लाकडी मुद्गल. वडील म्हणायचे, दंड काढून कुणाचं श्राद्ध होणार आहे?  पुढे एका शाळेत व्यायामशिक्षक झालो. मुलं मास्साब म्हणायची, आता सगळा मोहल्ला म्हणतो. शाळेतल्या नोकरीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पावसाळ्यात मैदान नसायचं, परीक्षा जवळ आली की तास नसायचा, आणि गणिताचे मास्तर माझा तास उसना मागून नेत तो कधी परत येत नसे. माझं खरं काम झालं ते पहाटेच्या वर्गात. पंचगंगा घाटाच्या अगदी माथ्यावर एक दगडी चौथरा आहे. तिथे मी मोठ्या माणसांचा वर्ग चालवू लागलो, तो अजून चालवतो.

बाहेरच्यांना वाटतं, व्यायाम शिकवायचा म्हणजे हात वर, हात खाली, आणि मध्ये मध्ये ओरडायचं. ओरडणं सोपं आहे. अवघड आहे ते आज आलेल्या माणसाला उद्या परत आणणं. पहिल्या दिवशी सगळेच येतात, नवा बनियन घालून येतात. चौथ्या दिवशी अंग दुखतं आणि मग कुणाची मावशी आजारी पडते. दुसरं काम बघण्याचं. माणूस कुठल्या पायावर भार देऊन उभा राहतो, चपलेची टाच कुठल्या बाजूने झिजली आहे, दम लागल्यावर ओठांचा रंग बदलतो का, हे बघायचं. चालताना त्याला बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. गात असेल तर तो आळशीपणा करतोय, आणि बोलताही येत नसेल तर त्याला ताबडतोब बसवायचं. एवढं ज्याला कळलं त्याला अर्धी विद्या आली.

उरलेली अर्धी विद्या म्हणजे हेवा. हे कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. आरोग्यासाठी फारसं कुणी येत नाही. शेजाऱ्याचं पोट कमी झालेलं दिसलं की येतात. हे मला शिकवलं ते साड्यांच्या गादीवर बसणाऱ्या एका शेठजींनी.

शेठजींना साखर निघाली, डॉक्टरांनी दटावलं, म्हणून ते माझ्याकडे आले. तीन दिवस आले. चौथ्या दिवशी त्यांच्याऐवजी त्यांचे मुनीमजी हजर. पन्नाशीचे, बारीक, सुपारीच्या खांडासारखे. हात जोडून म्हणाले, शेठजींनी पाठवलंय, त्यांच्या नावाचा संकल्प सोडून आलोय, आजपासून बैठका मी काढणार. मला वाटलं थट्टा करतायत. पण ते खरोखरच घाटावर जाऊन, ओंजळीत पाणी घेऊन, शेठजींचं नाव-गोत्र उच्चारून आले होते. मी तडक गादीवर गेलो. शेठजी शांतपणे म्हणाले, "मास्साब, शनीचा जप मी बसवलाय, तो गुरुजी करतात आणि फळ मला मिळतं. मग बैठकांचं काय बिघडलं?" काशीत जन्मलेल्या माणसाला हा मुद्दा खोडून काढणं सोपं नाही. आमच्या घरात तर चार पिढ्या त्याच मुद्द्यावर जेवल्या होत्या.

मी परत आलो. मुनीमजींना मात्र मी मन लावून शिकवलं. थंडीचे दिवस गेले, होळी आली, आणि मुनीमजींचे खांदे भरले. सदरा दंडांत घट्ट होऊ लागला, पाठ ताठ झाली. गादीवर येणारी गिऱ्हाइकं आधी त्यांच्याकडे बघू लागली, आणि एका बाईंनी तर त्यांनाच मालक समजून भाव विचारला. दुसऱ्या दिवशी पहाटे शेठजी स्वतः चौथऱ्यावर हजर. कोणाशी न बोलता मुनीमजींच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांच्यापेक्षा एक बैठक जास्त काढायचा प्रयत्न करू लागले. मला त्यांना बसवावं लागलं. पुढे कित्येक वर्षं दोघं नेमाने येत राहिले, एकमेकांकडे तिरक्या डोळ्यांनी बघत.

तेव्हापासून मी हेव्याला वाईट म्हणत नाही. पण तो दुसऱ्याच्या पोटात असला तर उपयोगाचा, आपल्या पोटात असला की फार जळजळ होते. याचा पहिला अनुभव मला दशाश्वमेधवर आला. तिथे आमच्या नात्यातले भाऊगुरुजी छत्रीखालच्या लाकडी चौकीवर बसून महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांचं सगळं करायचे. सकाळपासून दुपारपर्यंत मांडी घालून बसणं, त्यामुळे कंबर धरलेली. उठताना दोघांना हात द्यावा लागे. मी त्यांना म्हटलं, एक यजमान उठला की तुम्हीही उठायचं. चौकीभोवती एक फेरी मारायची, हात कमरेवर ठेवून मागे वाकायचं, आणि मगच पुढच्याला बसवायचं. कुरकुरत का होईना, त्यांनी ऐकलं. सहा महिन्यांत कंबर सुटली. आणि हे गृहस्थ घाटावरच्या प्रत्येकाला सांगत सुटले, की गोदौलियाच्या एका वैद्याचं तेल लावलं आणि गुण आला. मी तोंडावर विचारलं, तर म्हणाले, "अरे, तेलाचं नाव सांगितलं की लोक ऐकतात. उठा-बसा सांगितलं तर कोण ऐकेल?" त्या वैद्याकडे म्हणे रांग लागायची. तेलाच्या बाटलीचा हेवा करणारा मी बहुधा पहिलाच माणूस असेन.

पण हे सगळं किरकोळ. खरी गोष्ट माझ्या घरातली आहे.

माझी बायको मालती. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा एकच नेम होता, कार्तिकस्नानाचा. कोजागिरी झाली की दुसऱ्या दिवसापासून महिनाभर रोज पहाटे पंचगंगेच्या पायऱ्या उतरून गंगेत बुडी घ्यायची आणि येताना ओल्या पातळाने मंगला गौरीचं दर्शन घेऊन यायचं. बाकी उपासतापास तिने कधी फारसे केले नाहीत. हे एक मात्र कधी चुकलं नाही. आमच्या दोन्ही मुलांच्या वेळीही तिने ते सोडलं नव्हतं. आमचा घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना माहीत असेल, त्या पायऱ्या उंच आहेत, अरुंद आहेत, आणि संपता संपत नाहीत. काही वर्षांपूर्वी मालतीचा उजवा गुडघा गेला. एका कार्तिकात ती अर्ध्यातून परत आली. त्याच्या पुढच्या कार्तिकात ती उतरलीच नाही. न्हाणीघरात बादलीत तांब्याभर गंगाजल घालून अंघोळ करायची, आणि बाहेर आल्यावर तासभर कुणाशी बोलायची नाही.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आत्ता नको, मांडीचे स्नायू बळकट करा, तेच गुडघा सांभाळतील. आता हे तर माझंच काम. मी तिला सगळं दाखवलं. पलंगावर पाय पसरून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती दाबायची, सोडायची. पाय ताठ ठेवून उचलायचा, धरायचा, खाली आणायचा. शेकडो लोकांना मी हे करायला लावलंय. मालती म्हणायची, उद्यापासून. मी आठवण केली की म्हणायची, "अहो, परेशान करू नका. घरात तरी मास्साब होऊ नका." मी पायऱ्यांवर एकदा तिला सांगायला गेलो, असा पाय टाक, तर ती तिथेच बसली आणि म्हणाली, जा तुम्ही, मी येते. घराबाहेर ज्याच्या एका शिट्टीवर माणसं उठबस करतात, त्याच्या घरातली ही स्थिती.

आणि मग पांडेजी आले. ते पूर्वी कँटोन्मेंटकडे रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचे. निवृत्त झाल्यावर आमच्या मोहल्ल्यात वडिलांच्या जुन्या घरी राहायला आले. त्यांनी माझ्या चौथऱ्याच्या थोडं खाली, वरच्या पायऱ्यांवर, सकाळची एक मंडळी जमवली. बायका, म्हातारे, जो येईल तो. व्यायाम असा की टाळ्या वाजवायच्या, हात हलवायचे, मोठ्याने हसायचं. पांडेजी हात वर नेत तेव्हा गाडीला हिरवा झेंडा दाखवतायत असंच वाटे. ना श्वासाचा हिशेब, ना पाठीचा. नव्या माणसाला ते काय सांगत? "आवा, बइठा, कुछ करै के नाहीं हौ." म्हणजे या, बसा, काही करायचं नाहीये. व्यायामाच्या वर्गात काही करायचं नाही असं सांगणारा शिक्षक मी आयुष्यात पाहिला नव्हता.

शेवटी चहा. लल्लन नावाचा चहावाला आपली अंगीठी आणि किटली घेऊन तिथे बसायचा, आणि सगळे मातीचे पुरवे हातात घेऊन गप्पा मारत. माझ्या वर्गात नमस्कार चालू असताना खालून हसण्याचा गडगडाट यायचा आणि माझ्या माणसांच्या माना तिकडे वळायच्या. एकेक करून माझी माणसं खाली जाऊ लागली. ज्यांना मी श्वास घ्यायला शिकवलं होतं ती माणसं पांडेजींच्या विनोदांवर श्वास सोडू लागली. शेठजी तेवढे शेवटपर्यंत माझ्याकडे राहिले, आणि ते का, तर मुनीमजी राहिले म्हणून.

गेल्या वर्षीच्या होळीनंतरची गोष्ट. मंगळवारी मालती दर्शनाला गेली ती उशिरा आली. पुढच्या मंगळवारीही तसंच. मग बुधवारीही गेली.  माझ्या वर्गातल्या एका गृहस्थांनीच मला सांगितलं, की मास्साब, माताजी हल्ली पांडेजींच्या मंडळीत दिसतात, छान हसतात. मी म्हटलं, हो, मीच पाठवतो. त्या दिवशी माझी नमस्कारांची मोजदाद तीनदा चुकली.

घरी मी विषय काढला. मालती सरळ म्हणाली, "तिथे मला कोणी बघत नाही."

हे वाक्य मला फार लागलं. बघणं हीच तर माझी विद्या. आणि बायको म्हणतेय, की न बघणाऱ्याकडे मला बरं वाटतं. मी विचारलं, तिथे तू करतेस तरी काय? म्हणाली, चहा पिते. मला हेवा वाटला, हे मी आडपडदा न ठेवता लिहितो. एखाद्या तरण्याताठ्या माणसावर बायकोचं मन बसलं तर नवऱ्याला कसं वाटत असेल, साधारण तसंच मला त्या पोटवाल्या गार्डाबद्दल वाटत होतं. रात्री जेवताना ती त्यांचा एखादा विनोद सांगायची आणि मी मीठ कमी आहे म्हणायचो.

उन्हाळा लागला तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. चहा खाली सरकत होता. लल्लनची अंगीठी आधी वरच्या पायऱ्यांवर असायची, ती आता मढीपर्यंत, म्हणजे मधल्या टप्प्यावरच्या दगडी कोठडीपर्यंत उतरली होती. व्यायाम वरच होई, पण चहा प्यायचा तर खाली जावं लागे. थोड्या दिवसांनी अंगीठी आणखी खाली गेली. बायका एकमेकींचा हात धरून, कुणाच्या सुनेबद्दल बोलत बोलत उतरायच्या, आणि चहा घेऊन तशाच बोलत वर यायच्या. मालतीही त्यांच्यात होती. पांडेजींनी तिला गुडघ्याबद्दल एका शब्दाने विचारलं नव्हतं, स्नायूचं नाव काढलं नव्हतं. त्यांनी फक्त लल्लनला सांगितलं होतं, की आता जरा खाली बस.

या युक्तीची मला चीड आली, कारण ती चांगली होती. गुडघ्याच्या माणसाला एकदम पायऱ्या उतरवायच्या नसतात, थोड्या थोड्या वाढवायच्या असतात, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो. पांडेजी ते सांगत नव्हते, करवून घेत होते. वर उभा राहून मी रोज बघायचो. आणि खरं सांगायचं तर मी मालतीचे पाय बघायचे सोडून पांडेजींना बघत होतो. ते कुणाशी बोलतात, कोण हसतं, पहिला पुरवा कुणाच्या हातात जातो. माझ्या धंद्यात नजर अशी भरकटणं बरं नाही.

पावसाळ्यात गंगा चढली, पायऱ्या पाण्याखाली गेल्या, मंडळी एका देवळाच्या ओवरीत बसू लागली. भाद्रपद सरता सरता पाणी उतरायला लागलं आणि त्याच्या मागोमाग लल्लनची अंगीठीही उतरायला लागली. पाणी एक टप्पा खाली गेलं की चहाही गेला. पुरानंतर आमच्या पायऱ्यांवर गाळाचा जाड थर बसतो. पंप लावून तो धुतात, तरी सांदीकोपऱ्यात राहतोच, आणि तो वाळलेला दिसला तरी आत ओला असतो. कोजागिरी जवळ येत होती. मालती घरात काही बोलली नव्हती. पण एक दिवस मी पाहिलं, तिने कपाटातून कार्तिकात नेसायचं जुनं सुती पातळ काढून उन्हात टाकलं होतं. मी बघतोय हे कळल्यावर म्हणाली, वास येत होता म्हणून.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनीच तो प्रकार घडला. चहा त्या दिवशी पाण्यापासून थोड्याच पायऱ्यांवर होता. मालती उतरत होती. गाळ राहिलेल्या एका पायरीवर तिचा उजवा गुडघा मोडल्यासारखा झाला आणि ती पुढे कोसळली. पांडेजी खालच्या पायरीवर होते, त्यांनी दोन्ही हातांनी तिला धरलं. ते पोट नसतं तर दोघंही गंगेत गेली असती. ती हसली, सगळे हसले. वर मी वर्ग सोडून चौथऱ्याच्या काठाशी आलो होतो.

तेव्हा कुठे मी तिचे पाय बघितले. ती उतरताना डावा पाय आधी टाकत होती. डावा चांगला, म्हणून विश्वासाने तो पुढे. पण चांगला पाय खालच्या पायरीवर पोचेपर्यंत सगळं अंग मागच्या पायावर तोललेलं असतं, आणि तो वाकत जातो. म्हणजे दुखऱ्या गुडघ्यावरच सगळा भार. नियम उलटा आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आमच्या विद्येतली ही पहिल्या दिवसाची गोष्ट. पावसाळा सोडला तर उन्हाळ्यापासून ती माझ्या डोळ्यांसमोर चुकीची उतरत होती.

घरी जाऊन सांगणं सोपं होतं. पण मी सांगितलं की काय होतं ते मला ठाऊक होतं. ती पायरीवर बसेल, म्हणेल, जा तुम्ही, आणि ते पातळ परत कपाटात जाईल. म्हणून त्या संध्याकाळी मी पांडेजींच्या दारात गेलो. आयुष्यात कुठल्या दाराची कडी वाजवताना मला इतका वेळ लागला नसेल. पांडेजी लुंगीवर बाहेर आले, बसायला मोढा दिला. मी बसलो नाही. उभ्या उभ्या पायांची गोष्ट सांगितली, एकदा करूनही दाखवली. मग म्हटलं, हे तुम्ही तिला सांगा, माझं नाव काढू नका.

पांडेजींनी पानाची पिंक टाकली, माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसले नाहीत. "मास्साब, ई बात आप खुदै काहे नाहीं कह देते?"

मी म्हटलं, "हमारी बात वो नहीं मानतीं."

"त आप समझत हैं हमार मेहरारू हमार मानत हीं?" म्हणजे त्यांची बायको तरी त्यांचं कुठे ऐकते, असं ते म्हणाले, आणि मग मात्र इतके हसले की आतून त्यांच्या पत्नीने विचारलं, काय झालं. चहा घेऊन जा, असा त्यांनी आग्रह केला. मी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी वरून पाहिलं. पांडेजी सगळ्या बायकांसमोर पायऱ्या चढून उतरून दाखवत होते, अगदी मी दाखवलं होतं तसं. गार्डाने गाडीमागे चालावं तसं अंग हलवत, पण पाय बरोबर. वर म्हणत होते, हे तर मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. मालतीने उजवा पाय आधी टाकला. पुन्हा टाकला. तिचा हात दुसरीच्या खांद्यावरून सुटला आणि ती एकटी उतरत गेली. मी शिट्टी वाजवायची विसरलो, शेठजी आणि मुनीमजी वाकलेलेच राहिले.

दुपारी पानात भात वाढताना तिने मला ती युक्ती सांगितली. म्हणजे सविस्तर सांगितली, चढताना कुठला, उतरताना कुठला. "पांडेजी बघा, साधे गार्ड, पण किती बारीक लक्ष. इतकी वर्षं तुम्ही लोकांना शिकवता, हे कधी नाही सुचलं तुम्हाला?"  माझेच शब्द, आणि मी त्यांच्यावर जळत होतो. सांगून टाकावं असं तोंडापर्यंत आलं. पण कोजागिरीला थोडेच दिवस होते, आणि पांडेजींच्या तोंडून आलेला पाय बरोबर पडत होता. मी म्हटलं, आमटी छान झाली आहे. आता हा अंक घरी आला की ती वाचेल. हा लेख लिहायला मी इतक्या तातडीने होकार का दिला, हे संपादकांना आता कळलं असेल.

कार्तिकस्नानाचा पहिला दिवस. नुकतं फटफटत होतं, आकाशदिव्यांचे उंच बांबू नुसते काळे दिसत होते. मालती ते पातळ नेसून, तांब्या घेऊन निघाली. निघताना दारात थांबली, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माझा वर्ग आहे. ती गेली. वर्ग कसला, मी चौथऱ्यावर एकटाच उभा होतो, शेठजी-मुनीमजीसुद्धा स्नानाला गेले होते. खाली सगळी मंडळी पाण्यात होती. पांडेजी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून बायकांना हात देत होते. मालती शेवटची पायरी उतरली. उजवा पाय आधी. मग ती पाण्यात दिसेनाशी झाली आणि वर आली, पुन्हा बुडी, पुन्हा वर. इतक्या वरून तोंड दिसत नव्हतं. ती रडत होती की हसत होती, हे त्या गार्डाला कळलं असेल, मला नाही.

ती घरी आली तेव्हा केसांतून पाणी गळत होतं आणि चेहरा लग्नाच्या वेळी होता तसा दिसत होता. देवापुढे तांब्या ठेवला. इथे घरोघर रीत आहे, की जो स्नानाला येऊ शकला नाही त्याच्या नावाची एक बुडी आपण घ्यायची, पुण्य त्याला पोचतं. तिने बोटांवर मोजत सांगितलं, एक मुलाच्या नावाची, तो पुण्याला आहे. एक मुलीच्या नावाची, ती बंगळूरला. एक तुमच्या नावाची.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "आणि पांडेजींच्या?"

मालतीने पदराने केस टिपता टिपता माझ्याकडे पाहिलं. "त्यांच्या नावाची कशाला घेऊ? ते स्वतः होते की पाण्यात."

 दोन पोरं परगावी, म्हणून त्यांची बुडी तिने घेतली. आणि मी पायऱ्यांच्या वरच्या टोकाला धडधाकट उभा, तर माझीही घेतली. शेठजींच्या गादीवर जाऊन मला जे सांगता आलं नव्हतं, ते ओल्या केसांनी तिने मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती निघाली तेव्हा मी पंचा खांद्यावर टाकून दारात उभा होतो.  तिच्या एक पायरी खाली चालत मी उतरलो, पायांकडे न बघता. महिनाभर रोज गेलो. पांडेजी रोज पाण्यातून हात पुढे करायचे, तो मी धरायचो. लल्लन रोज पुरवा पुढे करायचा.

चहा मात्र मी अजून घेतलेला नाही.